जमिनीखालची केबल आणि पाइप कसे शोधावेत: लोकेटर पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी

गहू-हरभरा निघाला की वावरं मोकळी होतात आणि गावोगावी जेसीबी फिरू लागतो. शेततळं, सपाटीकरण, पांदण रस्ता, नळयोजनेचा चर, फायबरची लाइन ही सगळी कामं पावसाळ्याच्या आत उरकायची असतात. नेमक्या त्याच दिवसांत कुणाच्या बोअरची केबल तुटते, तर कुणाच्या संत्र्याच्या बगिच्याची मेन लाइन फुटते. वरुड-मोर्शीकडच्या किंवा काटोलकडच्या माणसाला विचारा: मे महिन्यात चार-पाच दिवस पाणी तुटलं तर आंबिया बहाराच्या फळांचं काय होतं? एका बकेटच्या फटक्याने वर्षाचं उत्पन्न हातचं जाऊ शकतं, आणि केबल चालू असेल तर माणूसही.

लोकेटर या नुकसानीतला बराचसा भाग टाळू शकतो. आता तो भाड्याने मिळतो, ठेकेदारांकडे असतो, काही पंप दुरुस्तीवाल्यांनीही घेतला आहे. तो चालवायला मोठं शिक्षण लागत नाही, पण तो काय पाहतो आणि काय पाहू शकत नाही, हे पक्कं डोक्यात बसलं पाहिजे.

यंत्राला नेमकं काय दिसतं

लोकेटरला पाइप दिसत नाही, केबलही दिसत नाही. त्याला दिसतो धातूतून वाहणाऱ्या एसी करंटने तयार केलेला चुंबकीय प्रभाव. तारेतून करंट वाहू लागला की हा प्रभाव तिच्याभोवती, हातात बांगड्या भराव्यात तसा, गोल गोल कड्यांनी पसरतो. रिसीव्हरमधल्या कॉइल या कड्यांना पकडतात.

म्हणजे करंट नसेल तर यंत्र गप्प राहणार. प्लास्टिकचा पाइप असेल तरी गप्प. सोलर पंपाच्या पॅनलपासून कंट्रोलरपर्यंत जाणाऱ्या केबलमध्ये डीसी असतो, त्यामुळे भर उन्हात व्होल्टेज असूनही ती पॉवर मोडवर कळत नाही. यंत्र वाजलं तर बहुधा खाली काहीतरी आहे. वाजलं नाही तर काहीच ठरलेलं नसतं. नवीन माणसाची चूक इथेच होते: शांतता ऐकली की तो जेसीबीवाल्याला हात दाखवतो.

यंत्राचे भाग दोन. एक ट्रान्समीटर: पेटी, जी आपल्याला हव्या त्या लाइनवर ठरावीक फ्रिक्वेन्सीचा सिग्नल सोडते. दुसरा रिसीव्हर: हातात धरून चालायची दांडी, जी तोच सिग्नल जमिनीवरून ओळखते. रिसीव्हर एकटाही चालतो. पॉवर मोडवर तो ५० हर्ट्झचा वीजप्रवाह शोधतो, आणि रेडिओ मोडवर लांबलचक धातूच्या लाइनवर हवेतून आलेले रेडिओ सिग्नल. घरातल्या भिंतीतली वायर शोधणारा छोटा टेस्टर मात्र या कामाचा नाही. वावरात त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

आधी माणसांना विचारा

यंत्र पेटीतून काढण्याआधी एक फेरी पायी मारा. डीपी कुठे आहे, मीटरची पेटी कुठे, बोअर कुठे, विहीर कुठे, व्हॉल्व्हचे चेंबर कुठे, हे सगळं कागदावर उतरवा. कुठे मातीचा पट्टा खचलेला दिसतो? कुठे एका सरळ रेषेत गवत जास्त हिरवं आहे? बगिच्यात झाडांच्या ओळींमध्ये एखादी ओळ उगाच रुंद सोडलेली असते, तिथून बहुधा पाइप गेलेला असतो.

मग विचारा. शेतमालकापेक्षा जुना सालदार जास्त सांगतो, कारण चर त्याने खोदलेला असतो. गावात ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा कर्मचारी आणि त्या भागाचा लाइनमन ही दोन माणसं कुठल्याही नकाशापेक्षा उपयोगी आहेत. शेजाऱ्यालाही विचारा. विहीर एकाची आणि वावर धुऱ्यापलीकडे दुसरीकडे असेल, तर पाइप मधल्या तिसऱ्याच्या शेतातून गेलेला असतो. भाऊहिस्से झाल्यावर तर असे पाइप कुणाच्याच ध्यानात राहत नाहीत.

सरकारी आणि कंपन्यांच्या लाइनसाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाइल ॲप आहे. ते २२ मार्च २०२३ रोजी सुरू झालं. खोदणाऱ्याने जागा आणि तारीख कळवायची, म्हणजे तिथे ज्यांच्या लाइन आहेत त्यांना सूचना जाते. रस्त्याच्या कडेला खोदत असाल तर हे जरूर करा. पण शेजाऱ्याच्या ठिबकची मेन लाइन अशा कुठल्याही नोंदीत नसते, हे लक्षात ठेवा.

गॅस पाइपलाइनची गोष्ट वेगळी आहे. गेलची मुंबई–नागपूर–झारसुगुडा लाइन विदर्भातून जाते. अशा लाइनच्या पट्ट्यावर १९६२च्या पाइपलाइन कायद्याने वापराचा हक्क घेतलेला असतो. तिथे विहीर, बांधकाम, झाड काहीच चालत नाही. खांबावरचा इशारा-फलक दिसला की लोकेटर काढायचाच नाही. फलकावरच्या नंबरला फोन करा, त्यांचा माणूस येईपर्यंत काम बंद.

रिकाम्या हाताने फेरी: पॉवर मोड

पहिली फेरी नुसत्या रिसीव्हरने घ्या. पॉवर मोड लावा, दांडी सरळ उभी धरा, टोक जमिनीपासून चार बोटं वर ठेवा, झुलवू नका. पूर्व-पश्चिम पट्टे चाला, मग त्याच जागेवर उत्तर-दक्षिण. दोन्ही दिशांनी चालणं गरजेचं आहे, कारण रिसीव्हरची कॉइल लाइनला आडवी आली तरच ती नीट पकडते. एकाच दिशेने चाललात तर तुमच्या समांतर जाणारी केबल सुटू शकते.

आपल्याकडे पॉवर मोडला एक मोठी अडचण आहे. कृषी फीडरवर थ्रीफेज ठरावीक तासच असते. लाइन नसताना शोधलं तर केबल मुकी. लाइन आहे पण मोटर बंद आहे, तरी करंट जवळपास नाही, म्हणजे पुन्हा मुकी. म्हणून लाइन असतानाच फेरी घ्या आणि आजूबाजूच्या दोन-तीन जणांना मोटर चालू करायला सांगा. तरीसुद्धा तीनही फेजवर सारखा भार असला की त्यांचे चुंबकीय प्रभाव एकमेकांना बरेचसे मारतात आणि चांगली चालू केबलही क्षीण वाजते. ही फेरी म्हणजे पहिली चाळणी. हिच्यावर खोदकाम ठरवू नका.

ट्रान्समीटर जोडणं

खरं काम इथून सुरू होतं, आणि धोकाही इथेच. ट्रान्समीटरची क्लिप चालू केबलला कधीही लावायची नाही.

बोअरची केबल शोधायची असेल तर स्टार्टर बंद केल्याने भागत नाही. बहुतेक ठिकाणी ‘ऑटो’ बसवलेला असतो. लाइन आली की मोटर आपोआप चालू होते. तुम्ही तिथे क्लिप धरून बसलेले असाल आणि लाइन आली, तर? म्हणून मीटरपेटीतले किटकॅट फ्यूज काढा, ते स्वतःच्या खिशात ठेवा, ऑटो बंद करा, मोटरकडे जाणाऱ्या तिन्ही वायर स्टार्टरमधून सोडवा आणि टेस्टर प्रत्येक वायरला लावून खात्री करा. हे काम वायरमनचंच. तुम्ही वायरमन नसाल तर त्याला बोलवा, यात संकोच नको. डीपीला मात्र त्यानेही हात लावायचा नाही, तिथे महावितरणचा माणूसच लागतो.

आता ट्रान्समीटरची लाल क्लिप सोडवलेल्या वायरला आणि काळी क्लिप अर्थिंगच्या सळईला. सळई केबलच्या अंदाजे दिशेला काटकोनात, जमेल तितकी दूर, निदान चार-पाच मीटरवर ठोका. काळी वायर दुसऱ्या पाइपवरून किंवा केबलवरून जाऊ देऊ नका, नाहीतर सिग्नल तिच्यावरही चढतो.

या सळईकडे जरा जास्त वेळ द्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. एप्रिल-मेमध्ये भारी काळ्या मातीला हातभर भेगा पडतात. सळई ठोकली की ती भेगेत सरकते, हाताने हलवली तर डुगडुगते, मातीला धड टेकतच नाही. ट्रान्समीटरच्या पडद्यावरचा मिलिअँपिअरचा आकडा तळाशी पडून राहतो. सळई काढा, भेग नसलेल्या जागी किंवा धुऱ्यावरच्या झाडाच्या सावलीत ठोका, भोवती एक बकेट पाणी ओता, माती पायाने दाबा आणि दोन मिनिटं थांबा. आकडा डोळ्यांदेखत चढतो. मुरमाड जमिनीत पाणी लगेच झिरपून जातं, तिथे पाण्यात मूठभर मीठ टाकलं तर फरक पडतो. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात अर्थिंग सहज मिळतं, पण तिथे उलटा त्रास: उघड्या लोखंडी पाइपवरचा सिग्नल खाऱ्या ओल्या मातीत लवकर गळून जातो, म्हणून तिथे कमी फ्रिक्वेन्सी वापरा आणि थोड्या थोड्या अंतरावर ट्रान्समीटर पुढे न्या.

केबलचं दुसरं टोकही जमिनीला जोडलं तर सिग्नल जोरदार वाहतो. बोअरच्या तोंडाशी जॉइंट असेल आणि केसिंग लोखंडी असेल, तर जॉइंट सोडून वावरातून आलेल्या केबलची तीच वायर केसिंगला बांधा. एवढी चांगली अर्थिंग शेतात दुसरी मिळणार नाही. काम झालं की ती आठवणीने सोडा.

थेट जोडणी शक्य नसेल तर दोन मार्ग उरतात. क्लॅम्प केबलभोवती अडकवायचा असतो, पण त्यासाठी लाइनची दोन्ही टोकं जमिनीला जोडलेली हवीत, आणि शेतातल्या केबलची ती बहुधा नसतात. इंडक्शनमध्ये ट्रान्समीटर नुसता जमिनीवर, लाइनच्या दिशेला जुळवून ठेवायचा. सोपं वाटतं, पण सिग्नल आसपासच्या प्रत्येक धातूवर चढतो, शिवाय पेटीजवळ रिसीव्हर हवेतूनच वाजतो. निदान १५ मीटर दूर गेल्याशिवाय तिथलं काही खरं धरू नका.

फ्रिक्वेन्सी कुठली?

बहुतेक यंत्रांत ५१२ हर्ट्झ, ८ किलोहर्ट्झ, ३३ किलोहर्ट्झ आणि त्याहून वरच्या एक-दोन असतात. कमी फ्रिक्वेन्सी लांब जाते आणि शेजारच्या लाइनवर कमी उडी मारते, पण तिला पूर्ण रस्ता लागतो: सलग धातू आणि दोन्ही टोकांना अर्थिंग. जास्त फ्रिक्वेन्सी अर्धवट रस्त्यावरही चालते, पण लवकर थकते आणि शेजाऱ्यांवर सांडते. थेट जोडणीत ८ किलोहर्ट्झपासून सुरुवात करा. सिग्नल मिळत नसेल तरच वर चढा. रबर रिंगच्या जॉइंटचा बिडाचा किंवा डीआय (डक्टाइल आयर्न) पाइप असेल तर प्रत्येक जॉइंटला धातूचा संपर्क तुटलेला असतो, तिथे ३३ किंवा त्याहून वरचीच लागते. आट्याचा जीआय पाइप सलग असतो, तो ८ वर छान वाजतो.

ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्हींवर एकच फ्रिक्वेन्सी आहे ना, हे दर वेळी पाहा.

माग काढत चालणं

ट्रान्समीटरपासून थोडं दूर जाऊन त्याच्याभोवती गोल फेरी मारा. जिथे आवाज सगळ्यात मोठा तिथून लाइन बाहेर पडते. तिथे पीक मोडवर (लाइनच्या बरोबर वर आवाज सगळ्यात मोठा होतो तो मोड) रिसीव्हर डावीकडे-उजवीकडे सरकवा, आकडा सर्वात वर जाईल ती जागा धरा. मग दांडी जागीच फिरवा. आवाज कमाल असताना दांडीचं चपटं पातं ज्या रेषेत आडवं असेल, त्या रेषेला काटकोनात लाइन जाते. सेन्सिटिव्हिटी इतकी ठेवा की काटा अर्ध्या-पाऊण जागेवर राहील. पूर्ण भरलेल्या काट्यावर कमाल कुठे, ते कळतच नाही.

दर तीन-चार पावलांवर चुन्याची फक्की टाका. वळणावर किंवा फाट्यावर आवाज अचानक पडतो. तिथे घाबरून पुढे पळू नका. शेवटच्या पक्क्या खुणेभोवती पुन्हा गोल फिरा, लाइन कुठून निघाली ते सापडतं.

खूण पक्की करायला पीकनंतर नल मोडने तीच जागा तपासा. नल मोडवर लाइनच्या बरोबर वर आवाज बंद होतो. दोन्हींच्या जागा जुळल्या तर मन शांत. हातभर फरक आला तर शेजारी दुसरी लाइन आहे आणि दोघींचे प्रभाव मिसळलेत, असं समजा. यंत्रात करंट दाखवण्याची सोय असेल तर तीही पाहा. मोठा आवाज कधी कधी उथळ असलेल्या शेजारच्या लाइनचा असतो, पण सर्वात जास्त करंट आपण सिग्नल सोडलेल्या लाइनवरच असतो.

विदर्भातल्या वावरात एक गोष्ट फार फसवते: कुंपणाची तार. रोही आणि रानडुकरांमुळे जवळपास प्रत्येक शेताला तार आहे. ट्रान्समीटरचा सिग्नल तारेवर चढला की रिसीव्हर धुऱ्यालगत वाजत राहतो आणि माणूस आनंदाने कुंपणाचाच माग काढत जातो. झटका मशीन चालू असेल तर दर सेकंदाला टिक-टिक ऐकू येते. मशीन बंद करवून घ्या आणि कुंपणालगतच्या खुणेची नलने खात्री करा. अनोळखी तारेला मात्र कधीही हात लावू नका. काही जण अजूनही कुंपणात थेट लाइनचा करंट सोडतात. तो गुन्हा आहे, आणि त्याने माणसंही मेली आहेत, वाघही.

डोक्यावरून ११ केव्हीची लाइन जात असेल तर तिथे पॉवर मोडचा उपयोग नाही. शोधताना जेसीबी आणि ट्रॅक्टर २० पावलं दूर उभे करा, खिशातला मोबाइल सोबत्याकडे द्या, कारण यांचाही रिसीव्हरला अडथळा होतो.

खोली

बटण दाबलं की यंत्र खोलीचा आकडा देतं. तो केबलच्या किंवा पाइपच्या मध्यापर्यंतचा असतो, वरच्या पृष्ठभागापर्यंतचा नाही. मोठ्या पाइपला हा फरक जीवघेणा ठरू शकतो. आकडा सरळ लाइनवरच घ्या, वळणापासून आणि फाट्यापासून निदान पाच मीटर दूर. मग रिसीव्हर जमिनीपासून अर्धा मीटर उचलून पुन्हा मोजा. खोली अर्ध्या मीटरनेच वाढली तर आकडा विश्वासाचा. तसं झालं नाही तर तो सोडून द्या.

कागदावरच्या खोलीवर तर अजिबात जाऊ नका. भारतीय मानकाप्रमाणे साधी लो टेन्शन केबल ७५ सेंटिमीटर आणि ११ केव्हीची ९० सेंटिमीटर खोल हवी. शेतकऱ्याने स्वतः टाकलेली बोअरची केबल मात्र अनेकदा वीतभरच खाली असते, नांगराच्या फाळाला लागेल इतकी. शिवाय सपाटीकरणात वरची माती कुठे काढलेली, कुठे टाकलेली असते.

पीव्हीसी आणि काळा पाइप

आपल्या वावरातले बहुतेक पाइप पीव्हीसीचे. २०१९ पासून जलजीवन मिशनमध्ये गावोगावी टाकलेल्या लाइनमध्येही प्लास्टिकचाच भरणा. जुन्या नळयोजनांत एसी पाइप, म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंटचे. यांतलं काहीच थेट वाजत नाही. फायबरही काळ्या डक्टमधून जाते. तिच्यात धातू नसेल तर तीही मुकी. गावोगावी फायबर नेणाऱ्या सरकारी भारतनेट योजनेच्या ठरलेल्या पद्धतीत साध्या जमिनीत चर १.६५ मीटर खोल असायला हवा, पण खडक लागतो तिथे ती वर येते.

मग करायचं काय? पाइपच्या आत धातू घालायचा. विहिरीकडचं टोक किंवा व्हॉल्व्ह उघडा, पाणी काढा, आणि वायरिंगवाले वापरतात ती स्टीलची स्प्रिंग आत ढकला. तिच्या बाहेरच्या टोकाला ट्रान्समीटर लावा आणि ३३ किलोहर्ट्झवर माग काढा. जिथपर्यंत स्प्रिंग गेली तिथपर्यंत पाइप सापडला. एल्बोला ती अडते, तर तिथे खूण करा आणि दुसऱ्या टोकाकडून घाला. भाड्याच्या यंत्रासोबत ‘सोंड’ मिळाली तर उत्तमच. ती बोटभर लांबीची सिग्नल सोडणारी कांडी असते, रॉडच्या टोकाला लावून आत सरकवायची. ती जिथे आहे तिथेच वाजते, पण तिच्या पुढे-मागेही दोन लहान आवाज येतात. मधला मोठा आवाज खरा.

रडारवाले जीपीआर यंत्र प्लास्टिकही दाखवतं, असं कुणी सांगेल. वाळूत आणि कोरड्या मुरमात ते खरंच दाखवतं. आपल्या काळ्या चिकण मातीत रडारचा सिग्नल थोड्या खोलीतच विरतो. मोठं भाडं देण्याआधी जमीन कुठली ते पाहा. दोन तारा हातात धरून पाइप सांगणारेही गावात भेटतील. त्यांचा मान ठेवा, पण त्यांच्या शब्दावर बकेट खाली घालू नका.

खड्डा

खूण झाली की जेसीबी आधी नाही. चाचणीचा खड्डा हाताने घ्या. खुणेच्या बरोबर वर न खोदता हातभर बाजूला खाली उतरा आणि मग आडवे लाइनकडे या. सब्बल आणि टिकास इथे वापरू नका, फावडं आणि खुरपं पुरे. केबल उघडी पडली तर ती चालूच आहे असं धरा. बंद केलेली केबल हीच का, याचीही खात्री नसते. बकेट खुणेपासून अर्धा मीटर दूर थांबवा, उरलेलं हाताने.

केबलला बकेट लागलीच तर ऑपरेटरने सीटवरच बसून राहायचं, लोखंडाला कुणी शिवायचं नाही, बाकीच्यांनी दहा मीटर मागे सरायचं आणि १९१२ वर फोन लावायचा. आग लागली आणि उतरावंच लागलं तर दोन्ही पाय जुळवून उडी मारायची, यंत्र आणि जमीन एकाच वेळी धरायची नाही, आणि पाय न उचलता घसटत दूर जायचं.

नवीन लाइन टाकताना

चर उघडा आहे तोच प्लास्टिकच्या पाइपसोबत एक साधी इन्शुलेटेड तांब्याची वायर टाका. पाइपला जागोजागी टेपने बांधा, मध्ये जोड असेल तर तो नीट सोल्डर करून पाणी शिरणार नाही असा गुंडाळा. दोन्ही टोकं व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये वर काढून ठेवा. पुढे कधीही तिथे क्लिप लावली की अख्खा पाइप लोकेटरवर वाजेल. पाइपच्या खर्चापुढे या वायरचा खर्च किरकोळ आहे, आणि माझ्या मते ग्रामपंचायतींनी ठेकेदाराकडून ही अट लिहूनच घ्यावी. पाइपच्या फूटभर वर इशाऱ्याची प्लास्टिक पट्टी अंथरा, म्हणजे बकेटला आधी ती लागेल.

चर बुजवण्याआधी प्रत्येक वळण दोन पक्क्या खुणांपासून टेपने मोजा, जसे विहिरीचा कठडा आणि लाइटचा खांब. झाड नको, ते तोडलं जातं. मोबाइलचं लोकेशन काही मीटर इकडेतिकडे दाखवतं, त्यावर चर सापडत नाही. मापं कागदावर लिहा, उघड्या चराचे फोटो काढा, आणि हा कागद सातबाऱ्याच्या फाइलमध्ये लावा. हिस्सेवाटणी झाली तर प्रत्येक भावाला त्याची एकेक प्रत द्या.